छत्तीस नको, सदतीस

आमचे मामंजी गिअरचे दात डोळे मिटून मोजत. कुणी कसलंही दातेरी चाक हातात दिलं की चष्मा कपाळावर सारायचा, डोळे मिटायचे आणि डाव्या अंगठ्याचं नख दातांवरून सावकाश फिरवत न्यायचं, अशी त्यांची रीत. ओठ हलत नसत. एक फेरी पुरी झाली की आकडा सांगत, आणि तो चुकत नसे. देवासच्या बाजारात त्यांचं नाव ‘दाँत मास्टर’ असं पडलं होतं. एकदा एक परगावचा म्हातारा हे नाव ऐकून दाढ दुखते म्हणून दुकानात आला. मामंजींनी त्याला हाकललं नाही. तोंड उघडायला लावलं, नीट पाहिलं आणि म्हणाले, "ग्यारह बचे हैं. जाओ."

मी त्यांची सून. माहेर धारचं. पुण्यामुंबईकडे सासऱ्यांना आता बाबा, पप्पा असं काहीही म्हणतात, आमच्या माळव्यात जुन्या घरांत अजून मामंजीच. लग्न होऊन देवासला आले त्या आठवड्यापासून ते गेले त्या आठवड्यापर्यंत, म्हणजे पुरती नऊ वर्षं, आमचं पटलं नाही. गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं असा संकेत आहे. तो मी पाळणार नाही, कारण त्यांनीही कधी माझ्याबद्दल चांगलं बोलण्याचा संकेत पाळला नाही.

मी मेकॅनिकलची पदवी घेतलेली आणि तंत्रनिकेतनात शिकवणारी. हे त्यांना पहिल्याच दिवशी कौतुकानं सांगितलं गेलं. त्यांनी विचारलं, "पदवीला दात किती असतात?" सगळे हसले, मीही हसले, आणि खोलीत येऊन नवऱ्याशी भांडले. मामंजींनी कारखान्यात गिअर कापायच्या मशीनवर तीस वर्षं काढली होती, आणि निवृत्त झाल्यावर घराखालच्या गाळ्यात गिअरबॉक्सचं काम सुरू केलं होतं. घरात आकडे ते मराठीत सांगत आणि शिव्या हिंदीत देत. पहिल्या गणेश चतुर्थीला मी हौसेनं मोदक केले. त्यांनी एक उचलून त्याच्या कळ्या मोजल्या आणि म्हणाले, "चौदा आहेत. एक वाढव, सूनबाई." चव कशी आहे हे शेवटपर्यंत सांगितलं नाही.

या एक वाढवण्यामागे त्यांचं आयुष्यभराचं वेड होतं. गाडीच्या मागच्या आसात दोन चाकं असतात, छोटं पिनियन आणि मोठं क्राउन. पिनियनला नऊ दात आणि क्राउनला छत्तीस असतील तर हिशेब सुटसुटीत, बरोबर चौपट. पण मामंजींना हा सुटसुटीतपणा सहन होत नसे. नऊला छत्तीस दिले की पिनियनचा प्रत्येक दात जन्मभर त्याच चार दातांना भेटतो. "एकाला खोड असली की ती त्या चौघांनाच लागते," ते म्हणत. "मग ते एकमेकांना खातात. सदतीस कर. एक दात जास्त असला की प्रत्येक जण प्रत्येकाला भेटतो, झीज सगळ्यांत वाटली जाते. छत्तीस नको." आमच्या दोघांचा छत्तीसचा आकडा आहे असं मी एकदा जेवताना सासूबाईंना म्हणाले, तर पलीकडून आवाज आला, "तेच सांगतोय मी. रोज तेच दोन दात."

गाळ्यात एक लाल गाडी होती. जुन्या घडणीची, मागच्या चाकांना जोर देणारी. मामंजींनी तिच्यात दुसऱ्या गाडीचं तगडं इंजिन बसवलं होतं आणि गिअरबॉक्सचा प्रत्येक गिअर स्वतः कापला होता. ती त्यांनी मुलासाठी बांधली होती. मुलगा, म्हणजे माझा नवरा सुहास, सायकलसुद्धा उतारावर हातात धरून नेणारा. तेव्हा ती मी मागितली. धारजवळ तिरल्याच्या पुढे खडीच्या एका बंद खाणीकडे चढत जाणारा रस्ता आहे, तिथे दर हिवाळ्यात चढावरची शर्यत होते, एकेक गाडी सोडून वेळ मोजतात. माझ्या माहेरची माणसं तिथे बघायला जमतात. मला त्यांच्यासमोर ती गाडी चालवायची होती. ही इच्छा बोलून दाखवायला मला वर्ष लागलं आणि त्यांना हो म्हणायला दुसरं. दाताच्या कण्या केल्या मी. होकारसुद्धा असा दिला: "चालव. गाडी मोडली तर दुरुस्त होते."

मग निवड सुरू झाली आणि रोजचं भांडण. पहिलं भांडण डिफरन्शियलवरून, म्हणजे मागच्या दोन चाकांत जोर वाटून देणाऱ्या भागावरून. इंदूरची शर्यतवाली पोरं सरळ वेल्डिंग करून दोन्ही चाकं एकमेकांना बांधून टाकतात, तसंच करा म्हणून मी सांगितलं. मामंजी उठले, त्यांनी मला आणि सुहासला अंगणात बोलावलं, माझा पदर आणि त्याचा शर्ट यांची गाठ मारली आणि तुळशीभोवती फिरायला लावलं. सगळी गल्ली बघत होती. आतल्या बाजूनं मी, बाहेरून सुहास. "सारखी पावलं टाका," ते म्हणाले. अर्ध्या फेरीत माझा पदर फाटला. "वळणावर आतल्याला कमी चालायचं असतं, बाहेरच्याला जास्त. होमाभोवती फिरलात तेव्हा कळलं नाही?" ती साडी माझ्या आईनं दिलेली होती. त्याबद्दल ते एक शब्द बोलले नाहीत.

मग साधं, मोकळं डिफरन्शियल ठेवा, म्हटलं. त्यावर त्यांनी देवासचा इतिहास काढला. या गावाची दोन भावांत वाटणी झाली, थोरली पाती आणि धाकटी पाती, एकाच गावात दोन राज्यं. मोकळं डिफरन्शियल म्हणजे अशी सारखी वाटणी, असं त्यांचं म्हणणं. पुस्तकात वाचलेलं मी लगेच ऐकवलं, की घसरणाऱ्या चाकाला सगळा जोर जातो. "नाही जात," ते म्हणाले. "दोघांना सारखाच जातो. एकाचा पाय खडीवर घसरतो, त्याला काही पेलत नाही, म्हणून दुसऱ्यालाही तेवढंच मिळतं. दोघं उपाशी." शेवटी त्यांनी स्वतः घासलेल्या चकत्या आत बसवल्या. त्या वळणावर चाकांना मोकळं सोडत आणि घसरायला लागलं की आवळत. काम चोख होतं हे मला तेव्हाही दिसत होतं. तसं मी बोलले नाही, कारण मोदकाचं मी विसरले नव्हते.

गिअर कसे निवडायचे याबद्दल त्यांचं एकच सांगणं होतं: सगळ्यात हळू वळणापासून सुरुवात करायची. सगळे जण सरळ पट्टीवर किती पळेल ते आधी विचारतात, म्हणून सगळे हरतात. ते माझ्याबरोबर तिरल्याला आले आणि तो अख्खा चढ चपला घालून पायी चढले. एक पळसाचं वळण आहे, अगदी आवळलेलं. तिथे ते बराच वेळ उभे राहिले, काठीनं खडी उकरून पाहिली. त्या वळणातून दुसऱ्या गिअरमध्ये बाहेर पडताना इंजिनात जीव राहिला पाहिजे, आणि पुढच्या लांब पट्टीच्या टोकापर्यंत तिसरा पुरला पाहिजे, एवढंच त्यांनी सांगितलं. "दुसरा ओरडायला लागला की लगेच तिसरा टाक. वाट बघू नकोस." मी मान हलवली. त्यांनी तीन वेळा सांगितलं आणि मी तीन वेळा मान हलवली.

आता चूक कुठे झाली ते सांगते. गाळ्यात क्राउन-पिनियनच्या दोन जोड्या तयार होत्या. देवासात सगळं जोडीनं असतं. पात्या दोन, टेकडीवरच्या माताही दोन, मोठी आणि लहान. मामंजींनी या जोड्यांनाही तशीच नावं दिली होती, थोरली आणि धाकटी. पिनियन दोन्हींना नऊ दातांचंच, पण थोरलीच्या क्राउनला एकेचाळीस दात, धाकटीच्या चौतीस. दातांनी मोठी ती थोरली, हा त्यांचा हिशेब. पण जास्त दातांची जोडी ओढते जोरात आणि पळते कमी. मी धारची, त्या जोड्या उघडून पाहिल्या नव्हत्या, मला वाटलं थोरली म्हणजे लांब पल्ल्याची, जास्त वेगाची. मला वेग हवा होता. म्हणून मी सांगितलं, थोरली लावा. ते म्हणाले, "थोरली म्हणजे कोणती, माहीत आहे ना?" मी म्हटलं, पदवी आहे माझ्याकडे. दोन दिवस गाळ्याचं शटर बंद ठेवून त्यांनी जोडी बसवली.

शर्यतीत माझी गाडी खालून तिसरी आली. पळसाच्या वळणातून बाहेर पडले ते इंजिनचं किंचाळणं सबंध पट्टीभर कानात होतं. गाडी ओरडत होती आणि पळत नव्हती. वर पोचले तेव्हा माझे हात इतके थरथरत होते की दार उघडता येईना. माझे काका, मावशी, शाळेतल्या मैत्रिणी, सगळे समोर उभे. मी पहिला प्रश्न मामंजींना विचारला, कोणती जोडी होती? त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या हातांकडे. "थोरली. एकेचाळीस." मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. म्हणूनच इंजिन ओरडत होतं. मला लांब पळणारी हवी होती हे तुम्हाला कळलं होतं, मी म्हटलं, आणि तरी तुम्ही मुद्दाम ही लावलीत. सगळ्यांसमोर म्हटलं. त्या माणसानं जन्मात कधी न म्हटलेलं वाक्य तेव्हा म्हटलं. "चूक झाली. मी नीट विचारायला हवं होतं."

मला त्याचा आनंद झाला, हे लिहायला लाज वाटते, पण झाला. मी ते वाक्य घरी, गल्लीत, तंत्रनिकेतनात सगळीकडे पोचवलं. आमच्या गाळ्यासमोर स्पेअर पार्ट्सचं दुकान चालवणारे पप्पू भिया यांना तर ते मीच सांगितलं, आणि त्यांनी बाजाराला. दाँत मास्टरनं दात चुकवले. मग कचोरीवाला विचारू लागला, "मास्टर साब, गिन के दूँ या आप गिनोगे?" बोल्ट घ्यायला गेले तर पप्पू भिया म्हणत, "एक बार फिर से गिन लो मास्टर साब, उमर हो गई." मामंजी बोल्ट उचलून निघत. इंदूरहून शर्यतवाली जी दोनचार पोरं त्यांच्याकडे गिअर कापून घ्यायला येत, ती त्या वर्षी आली नाहीत. त्यानंतरही आली नाहीत.

पुढच्या हिवाळ्याआधी ते जेवताना म्हणाले, "धाकटी लावतो. तू तुझं बघ." पुन्हा दोन दिवस शटर बंद. या वेळी त्यांनी मला रोज संध्याकाळी भोपाळ रस्त्यावर नेलं आणि शेजारी बसून फक्त एकच गोष्ट करायला लावली, दुसऱ्यातून तिसरा, दुसऱ्यातून तिसरा. हात चुकला की काठी दांड्यावर आपटत. मी दात-ओठ खात गाडी चालवत होते. शर्यतीत दुसरी आले. पेढे वाटले. पप्पू भियांच्या दुकानात पेढे देताना मामंजी माझ्या मागेच उभे होते, आणि मी हसत म्हटलं, "इस बार गिनती सही हुई, भिया." दुकानातले सगळे हसले. मामंजींनी पेढा घेतला आणि खाल्ला.

त्यानंतरची सहा वर्षं मी दर हिवाळ्यात गाडी चालवली. दोनदा पहिली आले. गाडीच्या मागच्या आसाला मला हात लावू देत नसत. "तुझी जीभ लांब आहे, हात नाही," असं कारण. आमचं भांडण चालूच राहिलं, चहाच्या साखरेवरून, मुलीच्या हिंदी शाळेवरून, मी गिअरबॉक्सवर पोरांना जे शिकवत असे त्यावरून. मुलीला मराठी वाचता येत नाही म्हणून मला टोचून बोलत, आणि स्वतः मात्र तिला दात मोजायला हिंदीतच शिकवलं. जिंकल्याबद्दल त्यांनी मला कधी शाबास म्हटलं नाही. मीही वाट बघितली नाही, असं मी स्वतःला सांगत असे.

गेल्या माघात ते गेले. चार दिवसांचा ताप, मग फुप्फुसं भरली. शेवटच्या दिवशी माझ्याशी बोलले ते हे, की गाळ्यातलं तेल उघडं राहिलंय, झाकून ये. मी झाकून आले तेव्हा त्यांची शुद्ध हरपली होती.

दहावा झाल्यावर सुहास आणि मी गाळा आवरायला घेतला. लोखंडी कपाटात वरच्या फळीवर मेणकापडाची दोन बोचकी होती. एकावर त्यांच्या अक्षरात लिहिलं होतं थोरली, दुसऱ्यावर धाकटी. आधी मला काहीच वाटलं नाही. मग वाटलं, दोन्ही इथे असतील तर गाडीत कोणती आहे? थोरली उघडली. मामंजी जोडी जुळवताना दातांना तेलात कालवलेला शेंदूर लावत, म्हणजे दात दाताला नेमका कुठे टेकतो ते उमटतं. तो शेंदूर थोरलीच्या दातांवर जसाच्या तसा होता. धाकटीच्याही. आसातल्या तेलात एकदा धावलेल्या दातांवर शेंदूर उरत नाही. या दोन्ही जोड्या गाडीत कधी गेल्याच नव्हत्या.

गाडी जॅकनं उचलून लोखंडी घोड्यांवर टेकवली आणि आस उघडला. सुहासनं टॉर्च धरला. क्राउनवर खडूनं खूण करून मी मोजलं. सदतीस. पुन्हा मोजलं. नऊला सदतीस, एक तिसरीच जोडी, जिचं नाव त्यांनी कधी काढलं नव्हतं. पळसाच्या वळणासाठी थोरलीइतकी नव्हे पण पुरेशी ओढणारी, आणि पट्टीच्या टोकापर्यंत तिसरा पुरवणारी. त्या चढाला तीच हवी होती, कुणी गणित मांडून पाहावं. मी मांडलं. मी थोरली मागितली तेव्हा मी काय मागतेय हे मला कळत नव्हतं, आणि ते त्यांना कळलं होतं. त्यांनी माझंही ऐकलं नाही आणि मला खोटंही पाडलं नाही. पुढच्या वर्षी दोन दिवस शटर बंद ठेवून त्यांनी काय केलं असेल? चहा प्यायले असतील. जोडी तीच होती.

मग ती पहिली शर्यत मी का हरले? सुहासच्या जुन्या फोनमध्ये तिचं चित्रण होतं. इतक्या वर्षांत एकदाही मी ते पाहिलं नव्हतं. त्या दिवशी गाळ्यात बसून ऐकलं. पळसाचं वळण, बाहेर पडताना दुसरा, आवाज चढत जातो, चढत जातो, आणि चढलेलाच राहतो. सबंध पट्टीभर मी तिसरा टाकलाच नव्हता. घाबरून दांडा तसाच धरून बसले होते. गाडी ओरडत होती ती मलाच सांगत होती. तीन वेळा सांगितलेलं, मी तीन वेळा मान हलवलेली. वर उभ्या असलेल्या मामंजींना ते त्याच क्षणी ऐकू आलं असणार. ज्याचा अंगठा डोळे मिटून दात मोजतो त्याच्या कानाला तिसरा न पडलेला कळणार नाही?

सासूबाईंना विचारलं. त्यांना माहीत होतं. "तिला खरं का नाही सांगत, असं मी तेव्हाच विचारलं होतं गं," त्या म्हणाल्या. "तर म्हणाले, सांगितलं तर ती भांडेल, माझे दोन दिवस जातील." एवढंच. हे कारण खरं नाही, हे त्याही जाणतात. मामंजींनी माझे थरथरणारे हात पाहिले होते. पण त्यांनी ठेवलेलं कारण तेच आहे आणि मला दुसरं कधी मिळणार नाही.

मी रडले, आणि रडताना मला त्यांचा भयंकर राग आला. अजून आहे. माझी चूक माझी होती. ती त्यांनी मला न विचारता आपल्या नावावर घेतली आणि मला वर्षानुवर्षं तोंड वर करून हिंडू दिलं. पप्पू भियांच्या दुकानात मी तो विनोद केला तेव्हा तरी मागून एक शब्द बोलायचा. इतर वेळी बोलताना त्यांनी कधी कंजुषी केली नाही. पेढा खाऊन गप्प राहिले. भांडायला समोर नसलेल्या माणसाशी कसं भांडायचं ते मला येत नाही, आणि ही व्यवस्थाही त्यांनीच करून ठेवली.

तेराव्याला बाजारातली सगळी माणसं आली. जेवणं झाल्यावर ओसरीत बसून मामंजींच्या गोष्टी निघाल्या. पप्पू भिया चांगला माणूस, डोळ्यांत पाणी आणून म्हणाले, "मास्टर साब ने जिंदगी में बस एक बार गलत गिना." सगळ्यांनी माना हलवल्या. मी वाढायचं भांडं खाली ठेवलं आणि म्हणाले, "नहीं भिया. उन्होंने सही गिना था. जोड़ी बराबर थी. तीसरा गियर मैंने नहीं डाला. गलती मेरी थी."

मला वाटलं, झालं, फिटलं. मग पप्पू भियांनी माझ्याकडे फार मायेनं पाहिलं आणि बाकीच्यांना म्हणाले, "देखो, बहू हो तो ऐसी. ससुर का नाम रखने के लिए अपने ऊपर ले रही है." सगळे कौतुकानं हळहळले. मी सांगत राहिले, बोचक्यांचं, शेंदराचं, फोनमधल्या आवाजाचं. जितकं सांगितलं तितकं कौतुक वाढलं. एका आजींनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

तेव्हा आता बाजारात दोन गोष्टी पक्क्या झाल्या आहेत. दाँत मास्टरनं एकदा दात चुकवले, आणि त्याची सून फार गुणी आहे. दोन्ही खोट्या. मामंजी असते तर म्हणाले असते, घे, भोग. म्हणून हे लिहून ठेवते आहे, निदान वाचणाऱ्यांपैकी कुणी तरी विश्वास ठेवील. क्राउनला दात सदतीस होते. काल भर दुपारी, गाळ्याचं शटर सताड उघडं ठेवून, चष्मा कपाळावर सारून मी ते पुन्हा एकदा मोजले. डोळे मिटून, अंगठ्याच्या नखानं.